लांबूच्या नावे काही नाही

मी, वय वर्षे त्र्याहत्तर, लेथ कामगार म्हणून कारखान्यातून निवृत्त, आणि चौतीस वर्षे बारा वर्षांखालच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवलेला माणूस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. "गुडघ्यांचा दाखला मात्र मागू नका," असे त्या म्हणाल्या. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी शेजारी बसून शुद्धलेखन तपासते आहे, तो दबाव धरू नये.

१. राहते घर स्वकष्टार्जित आहे. ते माझ्या पश्चात पत्नीकडे व तिच्यानंतर मुलीकडे जावे. बँकेतली ठेव मात्र सर्वस्वी पत्नीची. दर रविवारी संघाचे चिखलाने माखलेले बूट याच घरी धुतले गेले आणि ते मी धुतलेले नाहीत.

२. लेथची हत्यारे धाकट्या भावाला. त्याने अठरा वर्षांपूर्वी नेलेला पाना त्यातच धरावा.

३. चेंडू, पंप, जाळ्या व शिट्टी मुलीला, कारण मैदान आता ती सांभाळते. बाई, शिट्टी कमी वाजव. गोलरक्षकावर कडेवरून ओरडू नकोस. गोल झालेला त्याला सगळ्यांच्या आधी कळलेला असतो.

४. पलीकडच्या वसाहतीचे प्रशिक्षक, ज्यांना आम्ही टोपीवाले म्हणतो, यांच्याशी मी एके काळी सहा वर्षे बोललो नाही. "तुमच्या लांबूला बारावं सरून जमाना झाला," असे ते चारचौघांत म्हणाले होते. ते खरे निघाले, हेच अबोल्याचे कारण. त्यांची मी येथे माफी मागतो.

५. लांबू हा आमच्या बचावफळीतला उंच, अबोल मुलगा. टोपीवाल्यांचे तोंड बंद करावे म्हणून उपांत्य सामन्याच्या सकाळी मी शाळेत जाऊन नोंदवही पाहिली. बाराच्या मर्यादेपेक्षा लांबू चौदा महिन्यांनी मोठा होता. स्पर्धेच्या अर्जावर त्याच्या वडिलांनी जन्मतारीख बदलली होती. मी तडक मैदानावर गेलो, ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि मुलाचे नाव घेऊन, सगळ्या पालकांसमोर, सामना सोडत असल्याचे जाहीर केले.

लांबू जवळ आला. "सर, मी सांगायला आलो होतो."

आला होता. आठवड्यापूर्वी सरावाच्या आधी तो ~~काहीतरी~~ वय सांगायला माझ्याकडे आला होता आणि मी म्हणालो होतो, "आधी दहा फेऱ्या मार, मग बोल." फेऱ्या झाल्यावर मी विचारले नाही.

त्यानंतर तो मैदानावर आला नाही. सामना सोडला याचे मला वाईट वाटत नाही. पण त्याला बाजूला घेऊन दोन मिनिटे बोललो असतो, तर तो खेळत राहिला असता असे मला वाटते. पत्नीने त्याच दिवशी सुनावले, "खरं बोललात, पण कोणाच्या जिवावर?"

गेल्या वर्षी घरातली वायरिंग जळाली. आलेला इलेक्ट्रिशियन दारातून वाकून आत शिरला, तेव्हा मी ओळखले. "लांबू, त्या दिवशी मी चुकलो," असे मी लगेच म्हणून टाकले.

"सर, आधी मेन बंद करा."

काम संपवून तो बसला. मग म्हणाला, "आधी बाबांवर चिडलो. तुमच्यावर नंतर. बरीच वर्षं."

६. संघाचा चौकटीतला फोटो लांबूच्या नावे लिहिण्याचा आणि साक्षीलाही त्यालाच बोलावण्याचा माझा विचार होता. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देता येत नाही. एक काय ते ठरवा. मी लांबूलाच विचारले.

"वस्तू नको, सर. साक्षीला बोलवा."

सबब, त्याच्या नावे काही नाही. फोटो मुलीकडे राहील.

हा मजकूर साक्षीदारांनी माझ्यासमोर वाचला. कलम पाचमध्ये मी "काहीतरी सांगायला" असे लिहिले होते. लांबूने तिथे बोट ठेवले. "काहीतरी नाही, सर. वय." तो शब्द मी खोडला असून खाडाखोडीशेजारी माझी सही आहे.

ठिकाण: घरातली पुढची खोली
दिनांक: अकरा फेब्रुवारी, सकाळी साडेदहा

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. लांबू, इलेक्ट्रिशियन (सही)