खुर्चीपासून दारापर्यंत

मंगळवार, अकरा तारीख
दुकानातून, दुपारी

ताई,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं खाली लिहीन, जागा उरली तर. आधी मला हे सांग, आलेलं पार्सल न उघडता परत पाठवायचं ही कुठली रीत? मला वाटलं, निदान सुतळी तरी सुटली असेल. कुठलं काय. माझी गाठ गेली तशीच परत आली. माझी गाठ मी ओळखते, तूच शिकवलीस ती. वर भावोजींची चिठ्ठी, "तिला नको आहे." आठ दिवस खपून केलेल्या वस्तूला तीन शब्द.

भावोजी, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार म्हणून तुम्हालाही आत्ताच सांगते. गाळायचं नाही. तुम्ही पेपर वाचताना वाईट बातम्या गाळता, हे मला ठाऊक आहे आणि तिलाही ठाऊक आहे. मी चौथी शिकलेली बाई, एक पान लिहायला मला अर्धा दिवस लागतो. तेव्हा एकेक शब्द वाचा. ती "पुरे" म्हणाली तर चष्मा पुसा आणि पुढं वाचा.

तर ताई, पार्सलात एक कापड आहे. लगेच नाक मुरडू नकोस. ते पांघरायचं नाही, नेसायचं नाही. ते तुझं घर आहे.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणशील, या तुझ्या टाचणीला, म्हणजे मला, वेड लागलं. नदीपलीकडं ती संस्था आहे ना, मोठेपणी दृष्टी गेलेल्यांना काठी घेऊन चालायला शिकवतात ती. त्यांनी आपल्या दुकानाला पडद्यांचं काम दिलं. मी मापं घ्यायला गेले. लांबच लांब बोळ, एका बाजूला अकरा खिडक्या. पाचव्या खिडकीशी पोचले तर एक म्हातारबुवा भिंतीला हात लावून उभे. बसवर कंडक्टर होते, तीस वर्षं. डोळे गेल्या वर्षी गेले. जो तो जाता जाता त्यांना सांगत होता, "सरळ जा, सरळ." तिघांनी सांगितलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी म्हटलं, "सरळ म्हणजे किती? सरळ गेलं तर माणूस समुद्रातसुद्धा जाईल." आणि त्यांना सांगितलं, "बावीस पावलं. मग डाव्या गालाला गार वारा लागेल, तो जिना. तो सोडा. अजून नऊ पावलं, पायाखाली फरशी खरखरीत होईल. तिथं उजवीकडं वळा, चहा मिळतो."

ते म्हणाले, "बाई, किती वर्षं आहात इथं?"

"पाऊण तास," मी म्हटलं.

तू ओळखलंसच. माझी तंद्री. जिच्यापायी तू मला पट्टीनं मारलंस, आईनं हातानं मारलं आणि मास्तरांनी चौथीतून घरी पाठवलं. मशीन चालू, पाय पायडलवर आणि मी कुठंतरी दुसरीकडंच. कुठं असायचे, हे तू कधी विचारलं नाहीस. मी घरांत असायचे. एकदा पाय लागला ते घर मला सुटत नाही. दातांच्या डॉक्टरचा जिना, त्याची सातवी पायरी जरा बुटकी. लहानपणी आपण ज्या खोलीत राहायचो तिचा उंबरठा, मधोमध झिजून बशीसारखा झालेला. पडदे लावायला गेलेली परक्यांची घरं. डोळे मिटले की मी आत शिरते, दारं उघडत जाते. कुणी नसतं. ऊन पडलेलं असतं, सतरंजीचा कोपरा दुमडलेला असतो, तो मी पायानं सरळ करते आणि पुढच्या खोलीत जाते. टीप चालूच असते इकडं. कित्येक कोट मी असे दुसऱ्यांच्या घरांतून फिरत शिवलेत. लोकांना देव दिसतात, मला बोळ दिसतात, त्याला मी काय करू.

त्या दिवशी परत आले आणि कोटाच्या अस्तराचा तुकडा घेतला. भिंतींच्या जागी दोरी शिवली. दाराला बटण. खिडकीला काजं, एकापुढं एक अकरा. जिन्याला बारीक चुण्या. खरखरीत फरशी होती तिथं पोत्याचा तुकडा. चहाच्या जागी मोठं कोटाचं बटण. बोट फिरवलं की बोळ चालून होतो. दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं कंडक्टरना.

आता हस. ते बोट फिरवत फिरवत चहाला निघाले आणि पोचले कुठं, तर संस्थेच्या विश्वस्तांच्या बैठकीत. आत जाऊन म्हणाले, "एक चहा, साखर कमी." अध्यक्षांनी उठून स्वतःचा कप दिला म्हणे.

चूक माझीच. आपण काय करतो? आखायचं आतल्या बाजूला, शिवायचं आतल्या बाजूनं, मग कपडा उलटवायचा. हाताला तीस वर्षांची सवय. मी बोळ खडूनं आखला तो उलट्या बाजूवर आणि दोऱ्या शिवल्या सुलट्या बाजूला. डावं ते उजवं झालं सगळं. हे गवंड्याच्या हातून झालं नसतं, मास्तरांच्या हातून झालं नसतं. शिंपिणीच्याच हातून होणार. कंडक्टर म्हणाले, "बाई, तुमची बस परतीच्या फेरीला लागली होती." मी म्हटलं, "मग उतरला का नाहीत?" तर म्हणतात, "चहा मिळाला ना. तक्रार कुठाय?"

ते कापड उसवलं आणि पुन्हा केलं. त्यानंतर आजपर्यंत चौदा झाली. एक बाई आहे, घरी जायची वेळ आली तरी जायला घाबरायची. तिच्या मुलीबरोबर जाऊन मी तिचं घर चालून आले आणि कापड केलं. तिनं ते मांडीवर पसरलं. बोट दारातून आत गेलं, ओट्याशी थांबलं, मग मागच्या खोलीत, पलंगाला वळसा घालून खिडकीशी. तिथं बोट राहिलं. चेहऱ्यावर असं काही आलं, जसं माणूस झोपेत गावाला पोचतं. मग ती उठली आणि म्हणाली, "चला, घरी सोडा मला."

ताई, सत्तेचाळिसावं चालू आहे मला. इतकी वर्षं हात एकीकडं आणि मन एकीकडं, दोघांची कधी गाठ पडली नाही. हात दुकानात राबायचे आणि मन कुणाच्या तरी जिन्यावर भटकायचं, त्यापायी दोन्हीकडून बोलणी खाल्ली. त्या बाईच्या खिडकीचं काज करताना माझ्या ध्यानात आलं, की आज मन जिथं फिरतंय तिथंच सुई चालली आहे. मशीन थांबवून मी तशीच बसले. चहा गार झाला. मला वाटलं, मी यासाठीच होते की काय? मग इतके दिवस कुणी सांगितलं का नाही?

आता मुद्द्याचं. संस्था म्हणते, कायमच्या या. त्यांच्या माणसांची घरं, दवाखाना, टपाल कचेरी, स्टेशन, सगळ्यांची कापडं करायची. म्हणजे दुकान बंद करायचं. दुकान तुझं आहे. पाटीवर अजून तुझंच नाव आहे.

गिऱ्हाईक आलं. उरलेलं मागाहून.

बुधवार, दुपार

काल लिहिलं गिऱ्हाईक आलं. आलं नव्हतं. पुढचं लिहायचा धीर होईना म्हणून उठले.

भावोजी, आता तुम्हाला थांबावंसं वाटेल. थांबू नका.

तुझे डोळे जायच्या आधीचं वर्ष आठव. तुझी टीप डाव्या कडेला सुटायला लागली होती. पहिल्यांदा एका पँटच्या घडीला दिसलं, कडेपासून बोटभर आत गेलेली. मी काही बोलले नाही. तू जेवायला घरी गेलीस तेव्हा उसवली आणि नीट घातली. मग दुसऱ्या दिवशी एक बाही. मग रोज. तू जेवून यायच्या आत मी तुझं सकाळचं सगळं काम उसवून पुन्हा शिवलेलं असायचं. सहा महिने. तुला वाटायचं सगळं ठीक चाललंय, कारण मी ते ठीक करून ठेवत होते.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू, सहा महिने आधी दाखवायला आला असतात तर काही करता आलं असतं. मी तुझ्या शेजारीच बसले होते. परत येताना रिक्षात तू म्हणालीस, "मला कसं गं कळलं नाही?" मी बाहेर बघत राहिले. बाहेर काही नव्हतं, एक बंद गोदाम होतं. ते गोदाम मला आजही पाठ आहे.

मी जगाला तोंडावर बोलते. तोंडाळ म्हणून गल्लीत नाव आहे माझं. आणि ज्या एका ठिकाणी बोलायला हवं होतं तिथं तोंडाला कुलूप लावलं. लोकांना सांगायला माझ्याकडं कारण आहे, की तुला वाईट वाटू नये म्हणून. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं आता लिहिते. तुझ्या हाताखाली मी तीस वर्षं काढली आणि तेवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझी टीप तुझ्यापेक्षा सरळ होती. मला ते आवडलं. तुझी वाकडी टीप बघून मला दुःख व्हायला हवं होतं. ते झालं, पण आधी बरं वाटलं.

म्हणून दीड वर्षात मी तुझ्या घरी आले नाही. दुकानाचं काम, गुडघा, पाऊस, सगळी कारणं खोटी होती. तुझी बोटं फार तीक्ष्ण. मला वाटायचं, तू माझा हात धरशील आणि तुला कळेल.

कदाचित तुला आधीच कळलंय. तुझा तो राखाडी कोट तुझ्याकडंच आहे, त्याच्या अस्तरात तुझ्या आणि माझ्या, अशा दोघींच्या हातचं काम आहे. तू नुसतं बोट फिरवलं असेल तरी पुरे. म्हणून पार्सल परत आलं असेल, तर ते बरोबर केलंस. पण मग तसं म्हण. तीन शब्द भावोजींचे नकोत मला.

कापड पुन्हा पाठवते आहे, या पत्राबरोबर. दीड वर्ष आले नाही तरी तुझं घर मी रोज चालते. खिडकीजवळची खुर्ची, तिथं मखमल लावली आहे. खुर्चीपासून मोरीपर्यंत नऊ पावलं, दारापर्यंत चौदा. दोन खोल्यांमधला उंबरठा जाड दोरीचा. भावोजी म्हणे सांगतात, तू दिवसभर त्या खुर्चीतून उठत नाहीस. मी उलटं शिवलेलं नाही, चार वेळा बघितलं. पण मी डोळ्यांनी बघते, हीच तर अडचण आहे. त्या बोळाचं कापड तुझ्या बोटांखालून गेलं असतं, तर तू जागच्या जागी सांगितलं असतंस, "टाचणे, उलटं आहे." संस्थेत मला अशी बोटं हवी आहेत. मी शिवणार आणि कुणीतरी चुका काढणार, न थकता, न लाजता. चुका काढायला तुझ्याइतकं हावरं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मुख्य बाईंना मी सांगितलंय, येऊ तर दोघी.

आली नाहीस तरी मी जाईन की नाही, हे मला माहीत नाही. तुझ्या पाटीखाली बसून लोकांच्या पँटा आखूड करत राहीन, आणि तेच मला शोभेल कदाचित. बाईंना सोमवारी सकाळी उत्तर द्यायचंय.

आता नीट ऐक. कापडावर दारापर्यंतच शिवलंय. दाराबाहेर मी हात लावलेला नाही, कोरं कापड आहे. पाकिटात एक बटण ठेवलंय, जाड सुई आणि ओवलेला दोरा. येणार असशील तर दाराबाहेर ते बटण तू स्वतः लाव. नसशील तर कोरंच परत पाठव, मी समजेन. भावोजी, तुम्ही सुईला हात लावायचा नाही. कापड शनिवारच्या टपालात मला मिळालं पाहिजे. म्हणजे शुक्रवारी सकाळी तिकडून निघालं पाहिजे, दुपारी नाही.

तब्येत बरी आहे. हवा ठीक आहे.

बटण वाकडं लागलं तरी चालेल. या खेपेला मी उसवणार नाही.

शनिवारी टपालवाल्याची वाट बघत दारात उभी असलेली,
तुझी
टाचणी