दुसऱ्या श्वासाची मालकी

मी, यूगेत बारालिस, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार नीस, बंदरामागची गल्ली, चौथा मजला, लिफ्ट नाही, एके काळी ‘ओंदीन’ या नावाने गायिका (असं लोक म्हणत, मी नाही), आज नोटरी श्रीमती पेलग्रँ यांच्या कचेरीत दोन साक्षीदारांसमक्ष सांगते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत आणि फुप्फुसं कधीच नव्हती, पण मृत्युपत्राला डोकं पुरतं असं नोटरीबाई म्हणतात. मी बोलते आहे, त्या लिहून घेत आहेत. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. साक्षीदार विक्तोरीन मध्ये मध्ये तोंड घालते आहे, पण ती चाळीस वर्षं माझी शेजारीण आहे, त्यामुळे ते दडपण धरू नये. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यातलं एक मी रागाच्या भरात हॉटेलच्या कागदी रुमालावर लिहिलं होतं. ते सापडल्यास खुशाल नाक पुसावं.

कलम १. घर आणि शिल्लक. राहती जागा, बँकेत जे असेल ते आणि स्वयंपाकघरातली तांब्याची भांडी माझी एकुलती एक मुलगी ओदील कोव्हँ हिला मिळावीत. कायद्याने तिला डावलता येत नाही, आणि मला डावलायचंही नाही. बाल्कनीच्या दाराला खालून लाथ मारल्याशिवाय ते उघडत नाही, हे तिला माहीत आहे.

कलम २. कपडे. गुडघ्यापर्यंतचे पांढरे बूट, चंदेरी झगा आणि खोट्या पापण्यांचे तीन डबे आमच्या गल्लीच्या कार्निव्हल मंडळाला द्यावेत. दरवर्षी ते एखाद्या पुढाऱ्याचं भल्यामोठ्या डोक्याचं बुजगावणं नाचवतात, एका वर्षी माझं नाचवावं. डोकं मोठं करायची गरज नाही. त्या काळी ते मोठंच झालं होतं.

कलम ३. आर्मां. माझ्या सगळ्या गाण्यांचे संगीतकार आर्मां फेरोदी नव्वदीला टेकले आहेत आणि कान शहरातल्या वृद्धाश्रमात नर्सेसना अजून सांगत असतात, “ओंदीन? ती मीच घडवली.” त्यांना माझ्याकडून काहीही देऊ नये. हे कलम का, ते कळण्यासाठी थोडी हकिगत सांगणं भाग आहे.

(नोटरीबाई म्हणाल्या, “हकिगत मृत्युपत्रात बसत नाही, मादाम.” मी म्हटलं, “मग फक्त भांडी कुणाला तेवढं सांगायला मी एवढे जिने उतरून आले का? लिहा.” त्या लिहीत आहेत.)

मी गायिका नव्हते. मी हातमोज्यांच्या दुकानात काउंटरला उभी असायची. त्या काळी रेकॉर्डिंगची एक रीत होती. खरी गायिका येण्याआधी कुणीतरी गाणं हलक्या आवाजात गाऊन ठेवायचं, म्हणजे तिला चाल ऐकता येते आणि वादकांना जागा कळतात. मग ते पुसून टाकायचं. याला आम्ही खुणेचं गाणं म्हणत असू. आर्मां हातमोजे घ्यायला आले होते. मी पेटी बांधताना गुणगुणत होते, तर म्हणाले, “सूर बरा आहे. दुपारी येतेस का? खुणेला.” मी गेले, पण बरोबर ओदीलला घेऊन, कारण तिला ठेवायचं कुणाकडे? नवरा मार्सो नौदलाच्या जहाजावर स्वयंपाकी, सहा-सहा महिने समुद्रावर.

ओदील तेव्हा दोन वर्षांची होती. जेवण झालं की झोपायची आणि मध्येच उठवली तर अख्खं बंदर गोळा करायची. तिला मी गिटारच्या उघड्या पेटीत, माझ्या पायाशी, मायक्रोफोनखाली निजवलं. आणि गायले. कशी गायले असेन? ओठ मायक्रोफोनला टेकवून, निम्मा आवाज, निम्मी हवा, प्रत्येक ओळीनंतर कानोसा घेत. ती जागी होऊ नये, एवढाच माझा कलाविचार.

खऱ्या गायिकेला फ्लू झाला. आर्मांनी खुणेचं गाणंच कंपनीकडे पाठवून दिलं. महिन्याभरात ते प्रत्येक हॉटेलच्या बारमध्ये वाजायला लागलं. व्हायब्राफोनची टिंगटिंग, मागे बासरी आणि वर मी, फुसफुसत. पेपरवाल्यांनी लिहिलं, ‘शय्यागृहातला आवाज’. पुरुषांची पत्रं यायची. ल्यों शहरातल्या एका दंतवैद्याने लिहिलं की तुमचं गाणं लावलं की दात काढताना रोगी हूं की चूं करत नाही. मला वाटतं माझ्या कलेचं एवढं एकच खरं परीक्षण झालं.

दुसऱ्या रेकॉर्डला मी ओदीलला गावाहून बोलावलेल्या आईकडे ठेवून गेले, केस बांधून, लिपस्टिक लावून, कलावंतासारखी. आणि गायले तर स्टेशनवर गाडीची घोषणा करावी तसा आवाज. आर्मां काचेमागून ओरडले, “हे काय आहे? काल-परवापर्यंत मादक होतीस!” मी म्हटलं, “पोर नाहीये पायाशी.” ते म्हणाले, “मग आण ते पोर!” त्यानंतर प्रत्येक रेकॉर्डिंग दुपारच्या जेवणानंतर, गिटारच्या पेटीसकट. ओदीलने वयाच्या पाचव्या वर्षी दुपारचं झोपणं सोडलं. त्याच वर्षी माझी कारकीर्द संपली. लोक म्हणतात काळ बदलला, इंग्रजी बँड आले. कसले बँड? पोरगी मोठी झाली.

कलम ४. दुसरा श्वास. आता मुद्द्याचं. माझ्या सर्वात गाजलेल्या गाण्यात, शेवटच्या कडव्यात, माझ्या श्वासामागे आणखी एक श्वास ऐकू येतो. जड, संथ, जरा घरघरता. पन्नास वर्षं लोक विचारत आले आहेत की तो पुरुष कोण. एका मासिकाने तिघांची नावं छापली होती, त्यातल्या एकाला मी आजतागायत भेटलेले नाही. आर्मांनी गूढ हसत मान डोलावली आणि माल खपवला. मी सांगायला गेले तर म्हणाले, “गप्प बस. लोकांना पुरुष हवाय.”

तो श्वास ओदीलचा आहे. तिच्या नाकामागे गाठी होत्या. पुढे डॉक्टरांनी काढल्या. दोन वर्षांची मुलगी तोंड उघडं टाकून घोरत होती, आणि तिच्यावर अर्धा युरोप भाळला.

मार्सोने ते गाणं तुलोंच्या एका बारमध्ये ऐकलं, चार खलाशांच्या देखत. घरी आला, रेकॉर्ड लावली, शेवटच्या कडव्यावर सुई ठेवली आणि म्हणाला, “हा कोण?”

“तुझी मुलगी.”

“मला मूर्ख समजतेस?”

“अरे, नाक चोंदलंय तिचं!”

“लहान मुलं असं घोरत नाहीत, यूगेत. असं तर मी घोरतो.”

“मग बापावर गेली असेल!” मी म्हटलं. हे बोलायला नको होतं, पण जीभ आहे ती. तो बॅग घेऊन जो गेला तो गेला. पुढे मार्सेयला दुसरं लग्न केलं, आणि आता तोही नाही. त्याच्याबद्दल मनात काही नाही. म्हणजे आहे, पण मृत्युपत्रात लिहिण्यासारखं नाही.

ओदील या गोष्टीवर वाढली. शाळेत मुलं तिच्यामागे धापा टाकत चालायची. चौदाव्या वर्षी तिने विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, “वा! आता माझ्यावर ढकल.” पुढे ती आँतीबच्या संगीतशाळेत मुलांना गायला शिकवायला लागली, पोटातून, खुल्या आवाजात. माझं गाणं कुठे लिफ्टमध्ये लागलं तर ती जिन्याने जाते.

आता एक कंपनी जुनी गाणी नव्याने काढते आहे. तरुण पोरं कॉफीच्या दुकानांत ऐकतात म्हणे, डोळे मिटून. त्यांना यंत्राने सगळे श्वास पुसून गाणं ‘स्वच्छ’ करायचं आहे. मी नाही म्हटलं. त्यावर ओदील माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, “तू गेलीस की पहिली सही मी करणार आहे, आई. त्या माणसाला पुसून टाका म्हणून.”

ती त्या माणसाला पुसायला जाईल आणि स्वतःलाच पुसेल, आणि तिला कळणारही नाही. तिच्या लहानपणातलं माझ्याकडे तेवढंच शिल्लक आहे, तिचा झोपेतला श्वास. लोक विचारतात, या गाण्यांत आहे काय? शब्द बाष्कळ, चाल दोन बोटांची, गायिकेला दम नाही. मला वाटतं, कुणीतरी आपली झोप मोडू नये म्हणून जपून बोलतंय, हे प्रत्येकाच्या कानाला कळतं. बाकी सगळं पेपरवाल्यांनी चिकटवलं.

कलम ५. सीडी. कंपनीने मूळ टेपवरून केलेली सीडी मला याच हिवाळ्यात पाठवली. रेकॉर्डवर गाणं जिथे संपतं त्याच्या पुढेही त्यात थोडं आहे. ते मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. माझ्या मृत्यूनंतर ही सीडी ओदीलला द्यावी आणि शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय तिने कशावरही

(इथे विक्तोरीन खुर्चीवरून उठली. “अगं बये, मेल्यावर कशाला? आँतीब आगगाडीने अर्ध्या तासावर आहे!”

“ती दार उघडणार नाही.”

“लाथ मार दाराला. घरी रोज मारतेसच की.”

नोटरीबाई म्हणाल्या, “साक्षीदारांनी मजकुरात ढवळाढवळ करायची नसते.” दुसरे साक्षीदार, औषधवाले श्रीयुत तासो, चष्मा पुसत म्हणाले, “ढवळाढवळ नाही, पण मलाही असंच वाटतं.”

“आणि तिने ऐकून सही केलीच तर?” मी विचारलं.

विक्तोरीन म्हणाली, “मग निदान तुझ्या तोंडावर करेल. थडग्यावर नको.”)

कलम ५ तहकूब. मी रविवारी जाऊन येते. भीती वाटते आहे, हेही लिहा.

वाचून दाखवलं, मान्य आहे.

यूगेत बारालिस (सही)
साक्षीदार: विक्तोरीन ओबेर, धोबीखाना चालवते (सही); ल्युसियँ तासो, औषधविक्रेते (सही)
समक्ष: क्लोद पेलग्रँ, नोटरी (सही व शिक्का)
नीस, १४ मार्च २०१९

पुरवणी

त्याच कचेरीत, त्याच साक्षीदारांसमक्ष. (विक्तोरीनला बोलावलं नव्हतं तरी ती आली असती.)

रविवारी ओदीलने दार उघडलं. मी काही समजावलं नाही, सीडी पुढे केली. गाणं चालू असताना ती खिडकीबाहेर बघत होती, जबडा आवळून. शेवटचं कडवं झालं, तो श्वास झाला, वाद्यं थांबली. मग गिटारच्या पेटीचं झाकण कुरकुरलं, एक खोकला आला, आणि चोंदलेल्या नाकातून आवाज आला, “मामाँ, शू!” त्यावर माझा आवाज, खरा, मासळीबाजारातला: “आले गं राणी, आले! धरून ठेव!” मागे आर्मांची शिवी.

ओदीलने ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. ती रोज मुलांचे श्वास ऐकते, तिला कुणी काही सांगायला नको होतं. सीडी बंद करून म्हणाली, “म्हणजे बाबा माझ्यावर जळत होते?”

“हो,” मी म्हटलं.

ती हसायला लागली आणि हसता हसता रडली, मग मीही. आम्ही दोघी भेसूर रडतो. ते कुणी रेकॉर्ड केलं नाही हे बरं झालं.

तिने कंपनीला फोन करून सांगितलं की काही पुसायचं नाही आणि वेष्टणावर तिचं नाव हवं. सबब कलम ५ रद्द, आणि कलम ४ मधला दुसरा श्वास माझ्या मालमत्तेतून वगळावा. तो देण्याचा मला अधिकार नाही. त्याची मालकीण हयात आहे.

यूगेत बारालिस (सही)
साक्षीदार: वि. ओबेर (सही), ल्यु. तासो (सही)
समक्ष: क्लोद पेलग्रँ, नोटरी (सही व शिक्का)
नीस, १९ मार्च २०१९