सुरुवात माझ्यापासून

मंगळवार, व्हाइटफील्ड, बंगळूर

डोकं अजून तापलेलंच आहे. आज पगारवाढीच्या मीटिंगमध्ये मी म्हणाले, "सफाईच्या बायकांचा किमान पगार वाढवा आणि आपल्या वरच्या लोकांच्या पगाराला कमाल मर्यादा घाला." डायरेक्टर हसले. चक्क हसले!

"मर्यादा घातली तर चांगली माणसं सोडून जातील, मॅडम."

"आणि आपला मजला झाडणाऱ्या शांताअक्का सोडून गेल्या तर? संडास कोण धुणार, तुम्ही?"

मग ते म्हणाले, "त्या मर्यादेत तुमचाही पगार कापला जाईल." पुन्हा तेच हसणं. मी म्हटलं, कापा.

घरी नवरा वैतागला. "स्वल्प विचार करायचास गं! फ्लॅटचा हप्ता?"

चुकले का मी? मुळीच नाही. आत्ताच लेखी प्रस्ताव पाठवलाय. पहिलंच वाक्य: सुरुवात माझ्या पगारापासून करा. आता हसा म्हणावं.