जेरुसलेमचा राजा आणि रिठदचा पाटील

मी, जगदेव वल्द गणूजी पाटील, वय अंदाजे पन्नास, धंदा शेती, राहणार मौजे रिठद, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, लिहून ठेवतो की हाताची बोटं झडली तरी माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करायला माझ्याजवळ येतो कोण? मी सांगतो आणि शेजारच्या वावरातला लखीराम लिहून घेतो.

बाप वारला तेव्हा मी सोळाचा. पाटीलकीचं पागोटं माझ्या डोक्यावर आलं. त्या साली पोळ्यात मानाची जोडी धरून तोरणाखाली उभा होतो. बैलाचा खूर पायावर पडला, रक्त निघालं, अन् मी आपला हसतच उभा. दुखलंच नाही. सारा गाव माझ्या पायाकडे पाहत राहिला. माझं राज्य तेवढंच, एका पोळ्याचं. पागोटं धाकटा भाऊ उकंडराव याला बांधलं. पुढे त्याला लेकरं झाली तेव्हा ओसरीवरचं माझं ताटही उचललं. म्हणाला, "दादा, तुमी वावरातच राहा. लेकरायले बाधा होईल."

मिशनच्या महारोग्यांच्या दवाखान्यात एका म्हाताऱ्या पाद्र्यानं जेरुसलेमच्या राजाची गोष्ट सांगितली. ख्रिस्ती लोकांनी धर्मयुद्ध करून घेतलेलं ते शहर. हा पोरगा तेराव्या वर्षी गादीवर बसला. लहानपणी खेळताना पोरं एकमेकांना नखांनी ओरबाडत, बाकीची बोंबलत, हा गप्प. माझाच रोग! तरी सोळाव्या वर्षी त्यानं सुलतानाची फौज पळवली. घोड्यावर बसवेना तेव्हा लोकांनी त्याला पालखीतून लढाईला नेलं. चोविशीच्या आसपास मेला, पण मरेपर्यंत मुकुट कोणी उतरवला नाही. मी त्या दिवशी पाद्र्यासमोर ढसाढसा रडलो.

आता व्यवस्था. वाटणीत मला नाल्यापलीकडचं आठ एकर दगडाचं वावर दिलं. त्यात मी आणि प्रयागबाईनं विहीर खोदली. ही बाई त्याच दवाखान्यात भेटली. बरी झाली तरी सासरच्यांनी घरात घेतली नाही. वीस वर्षं तिनं मला भाकर घातली. वावर, विहीर, झोपडी, दोन्ही बैल तिचे. कोणी हरकत घेऊ नये.

विहिरीला पाणी लागल्यापासून उकंडरावाला माझी फार आठवण येते. नाल्याच्या त्या काठावरून ओरडतो, "दादा, वावराचं काय करून राह्यले?" त्याला काही नाही. लखीराम म्हणतो, "अट टाका ना. खांदा देईल त्याले वावर." टाकली तर तो धावत येईल. मले भाऊ पाहिजे, गिऱ्हाईक नाही.

महारोग्याला पुरतात तसं मला पुरायचं नाही, जाळायचं. नाल्याच्या वाटेनं चोरून नेऊ नये. वेशीतून, चावडीपुढून, उकंडरावाच्या दारावरून न्यावं. तोंड उघडं ठेवावं. खांदा तांड्यावरचा भाऊसिंग, लखीराम आणि बाईमाणूस असली तरी प्रयागबाई यांनी द्यावा. पुढची उजवी जागा उकंडरावाची. त्याच्या दारात थोडं थांबावं, हाक मारू नये. तो आला नाही तर ती जागा दुसऱ्या कोणी घेऊ नये. तिरडी वाकडी झाली तरी चालेल, गावानं पाहावी.

बोटं नाहीत म्हणून सहीऐवजी डाव्या तळहाताचा ठसा.

साक्षीदार: भाऊसिंग हेमला राठोड, निशाणी अंगठा. लखीराम देवला जाधव, दस्तुर खुद्द. दोघांनी माझा हात धरून शाई लावली.

मुक्काम रिठद, पोळ्याच्या आदल्या दिवशी, ता. ७ सप्टेंबर १९५३.