गोफणीतला दगड

पोशीर, आश्विन वद्य तृतीया

सासुरवाडीचं भात पिकलंय. पाखरं हाकायला बायकोचा आतेभाऊ आलाय. आधी हिला त्यालाच द्यायचं चाललं होतं. तो गोफण फिरवतो अन् ही टाळ्या पिटते! दोरीने धरलाय तोवर दगड गोल फिरतो, सुटला की सरळ जातो, हे कर्जतच्या शाळेत शिकवतो मी. टाळ्या मात्र त्याला!

आज मीही गोफण घेतली. गरगर फिरवली, पण नेमकी सोडताना ही बघते का म्हणून मान वळवली. दोरी उशिरा सुटली. दगड सरळच गेला, सासऱ्यांच्या पेजेच्या मडक्यावर.

ही हसली असती तरी चाललं असतं. "तुमी सावलीत बसा," म्हणाली, अन् गोफण त्याच्या हातात दिली.

त्याचा दगड कुठे गेला, मी पाहिलं नाही. टाळ्या ऐकल्या.