नवा अध्यक्ष येईपर्यंत

३ फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

स्टेशनवर किती वाजता घ्यायला येऊ म्हणून तू विचारतोस, आणि मी इकडे बांधलेलं सामान पुन्हा सोडत बसले आहे. चिडू नकोस, आधी नीट वाच.

काल अध्यक्षपदासाठी अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. माझी मुदत संपली, आता मी उभी राहणार नाही, हे सांगून सांगून वर्षभरात माझा घसा बसला. सकाळी मी स्वतः समितीच्या कार्यालयाचं दार उघडलं. कारकुनाने कोरे अर्ज टेबलावर मांडले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवला. संध्याकाळी दगड उचलून तेच कोरे अर्ज कपाटात गेले. चिटपाखरू फिरकलं नाही रे! सदस्य व्हायला चौघं तयार आहेत. त्यांना नुसते हात वर करायचे असतात.

आता नियम ऐक. नवा अध्यक्ष कारभार हाती घेईपर्यंत जुन्याने खुर्ची सोडायची नाही. सोडलीच, तर समिती बरखास्त होते आणि गाव डोंगरापलीकडच्या मोठ्या गावाला जोडतात. जोडलं की सगळ्यात आधी आपला दवाखाना बंद. तीन बाजूंनी नदी, चौथीकडे डोंगर आणि बाहेर जायला त्या डोंगरावरून एकच रस्ता, हे तुला मी काय सांगायचं? निम्मं गाव सत्तरीच्या पुढचं आहे. छातीत कळ आली की ती माणसं डोंगर चढणार का?

मतदारयादीत आपलं गाव चांगलं आठशेचं आहे. रस्त्यावर मोजायला गेलास तर निम्मंही भरणार नाही. गेलेली पोरं कधी यायची नाहीत, पण यादीतलं नाव काढू म्हटलं की त्यांच्या आया डोळ्यांना पदर लावतात. मग कारकून नाव तसंच ठेवतो आणि मी त्याखाली सही करते.

महिन्याभराने पुन्हा अर्ज मागवणार आहेत. तेव्हा कुणीतरी सापडेल. मला शहराचं कौतुक नाही, बारक्या. हे गेल्यापासून घरात भांडायला माणूस नाही, तेवढं तुझ्याकडे मिळेल म्हणून यायचं आहे. तू इकडे येणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून तो विषयच काढत नाही.

जेवण वेळेवर कर आणि आपल्या म्हाताऱ्या बहिणीवर रागावू नकोस.

तुझी ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

रागावू नको म्हणतेस आणि रागवायला कारणही पाठवतेस! मी इथे तुझ्यासाठी मागची खोली रिकामी केली. चष्म्याच्या काचांचे सगळे खोके, दुकान विकल्यापासून जिवापाड जपलेले, शेजारच्या चष्मेवाल्याला देऊन टाकले. खिडकीशी दुसरी खुर्ची आणून ठेवली. आता मी एका खुर्चीत बसतो आणि दुसरीकडे बघतो. वेड लागायची पाळी आली आहे.

तू राजीनामा का देत नाहीस? सरळ लिहून दे आणि निघ. गाव काही तुझ्या पदराला बांधलेलं नाही. आणि त्या कामात एवढं आहे तरी काय? पाण्याच्या टाकीची किल्ली सांभाळायची, भांडणं ऐकायची, जिल्ह्याच्या साहेबांपुढे मान डोलवायची. कुणीही करील. गिरणीवाल्याला बसव की, नाहीतरी दिवसभर बसलेलाच असतो.

माझी तब्येत बरी. गुडघा कुरकुरतो, पण ऐकायला कुणी नसल्यामुळे तोही हल्ली आवरतं घेतो. लेकाचं पत्र आलं होतं. मजेत आहे, यायचं नाव नाही. सूनबाईंना पाहून पाच वर्षं झाली.

लवकर ये. नुसता लोभ आता पुरत नाही, माणूस पाहिजे.

तुझा बारक्या


२० फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

राजीनामा दे म्हणे! दिला होता, शहाण्या. राजीनामा अध्यक्षांच्या नावे द्यायचा असतो. कारकुनाने तो माझ्याकडून घेतला, शिक्का मारला आणि निर्णयासाठी माझ्याच टेबलावर आणून ठेवला. मी तो जिल्ह्याला पाठवला. तिथून उत्तर आलं की नवा अध्यक्ष येईपर्यंत आपण आहात तिथेच राहावे.

तुझ्या सांगण्यावरून गिरणीवाल्याकडेही जाऊन आले. तो म्हणाला, गिरणीच्या आवाजाने मला ऐकू कमी येतं, लोकांच्या तक्रारी कळायच्या कशा? मी म्हटलं, बाबा रे, अध्यक्षाला याहून मोठा गुण कोणता हवा! हसला, पण हो म्हणाला नाही. मास्तरीणबाई बदलीची वाट बघत आहेत. पलीकडच्या शेतांवर माणसं ने-आण करणारा होडीवाला म्हणतो, एका काठाचं काम केलं की दुसरा काठ माझ्या होडीत बसायचा नाही. आणि उठताना प्रत्येकाचं एकच पालुपद: बाई, तुम्ही आहात की! हे वाक्य ऐकलं की हल्ली माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी आहे म्हणून सगळे निवांत, आणि माझं काय?

कालचं सांगते. दुपारी तीनला सूर्य डोंगरामागे गेला, तसं कार्यालय अंधारलं. मी दिवा लावायला उठले, आणि एकदम वाटलं, हा डोंगर पुढे पुढे येतोय. दार उघडून बाहेर जाऊन उभी राहिले. बाहेर तरी काय, समोर नदीच. मग परत आत आले, कारण टाकीच्या नळासाठी माणसं येऊन बसली होती. बारक्या, मला इथे कोंडल्यासारखं होतं. आजवर कुणापाशी बोलले नाही, तुला लिहिते.

एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. या दुसऱ्या खेपेलाही कुणी उभं राहिलं नाही, तर माझी मुदत आपोआप पाच वर्षांनी वाढते. पाच वर्षांनी मी चौऱ्याहत्तरची होईन. दुसऱ्या खुर्चीवर कापड टाकून ठेव, धूळ बसेल.

माया आहे ती ओळखून घे.

तुझी ताई


१ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाकिटं संपली म्हणून कार्डावर भागवतो. तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. पाच वर्षं म्हणजे काय थट्टा आहे? पण तू रडायला लागलीस की मला थट्टाच सुचते, लहानपणापासूनची खोड.

तर ऐक. गिरणीवाला नाही, होडीवाला नाही, मग घाला माझं नाव! यादीत ते अजून आहेच, काढायला मी कधी आलोच नाही. अध्यक्ष व्हायला मी तयार आहे. पहिला ठराव, डोंगर चार हात मागे सरकवावा. दुसरा ठराव, माजी अध्यक्षबाईंना तात्काळ मोकळं करावं. हरकत असेल त्याने नदीत उडी मारावी.

हसलीस का? हसली असलीस तर कार्डाचे पैसे वसूल. आता जागा संपली, लोभ समासात लिहिला आहे.

बारक्या (आणि खाली पूर्ण सही, भावी अध्यक्षाला शोभेलशी)


१८ मार्च

चि. बारक्यास, म्हणजे आता मा. अध्यक्षांस, अनेक आशीर्वाद.

खाली बसून वाच. तू निवडून आला आहेस.

अरे, आपला टपालवाला कार्ड वाचल्याशिवाय देत नाही, हे विसरलास कसा? मला मिळण्याआधी ते गिरणीवर वाचून झालं, होडीत वाचून झालं. गिरणीवाल्याला त्या दिवशी सगळं ऐकू आलं. कारकुनाने अर्ज भरला आणि तुझं कार्ड त्याला टाचलं. उमेदवाराची संमती त्याच्या हाताने लिहिलेली हवी, पूर्ण सहीसकट, एवढंच नियमात आहे. मी तयार आहे, याहून स्पष्ट संमती कशी असते, असं त्याने मलाच विचारलं. दुसरा अर्ज नव्हताच. बिनविरोध!

मी थांबवू शकले असते. ही थट्टा आहे, माझा भाऊ असाच बोलतो, एवढं म्हटलं असतं तर अर्ज फाडावा लागला असता. कारकून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी नाही बोलले. सगळ्यांचे चेहरे उजळले होते आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त माझा.

तीस एप्रिलच्या आत तू इथे येऊन कारभार हाती घ्यायचा. न आलास तर निवड रद्द आणि माझी पाच वर्षं चालू. आजवर तुला मी इकडे ये म्हटलेलं नाही. आज म्हणते. ये, बारक्या. मला यातून सोडव.

पुढचं पत्र पाकिटातून लिही. डिंक नीट लाव.

वाट बघणारी,
ताई


६ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तीन पत्रं लिहून फाडली.

आधी रागावलो, मग हसलो, मग खरोखर पिशवी भरली. परवा स्टेशनवर गेलो. रांगेत माझा नंबर आला. खिडकीतल्या बाईने विचारलं, नुसतं जायचं की जाऊन यायचं? जाऊन यायचं म्हणालो, तर परत कधी म्हणून तिने विचारलं. नवा अध्यक्ष येईपर्यंत, असं काय सांगणार होतो? मागची माणसं कुरकुरायला लागली. मी बाजूला झालो आणि घरी आलो.

तुला वाटत असेल, ऐदी झाला आहे. तसं नाही. मी त्या गावातून निघालो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. त्याआधीची चार वर्षं मी रोज रस्त्याच्या वळणावर जाऊन उभा राहायचो आणि येणाऱ्या बसला हातसुद्धा करायचो नाही, नुसता बघायचो. तुला डोंगर पुढे आल्यासारखा आत्ता वाटतो, मला जन्मल्यापासून वाटायचा. मला भीती वाटते, ताई. चौसष्ट वर्षांच्या माणसाने लिहू नये, पण वाटते. आणि मी आत शिरल्यावर तू बाहेर पडणार, म्हणजे आपण दोघांनी एकत्र राहायचं ते कुठे? तुला सोडवायला मी येईन, मला सोडवायला कोण येणार?

तरीही नाही म्हणवत नाही. अजून दिवस आहेत. तीस तारखेच्या शेवटच्या बसपर्यंत वाट बघ. आलो तर त्याच बसने येईन.

तुझ्या मायेला पात्र आहे की नाही, हे मला आता कळेनासं झालं आहे.

बारक्या


५ मे

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तीस तारखेला कारकुनाने खुर्ची धुऊन उन्हात ठेवली होती. संध्याकाळी अर्धं गाव वळणावर जमलं. कुणी मुद्दाम आलं नव्हतं, सगळे आपले सहज फिरत फिरत आले होते, असं प्रत्येकाने मला सांगितलं. शेवटची बस आली. परिचारिकाबाई उतरल्या, औषधांची दोन खोकी उतरली. ड्रायव्हरला मी आत वाकून बघू दे म्हटलं. त्याने बघू दिलं. मागच्या बाकापर्यंत बघून आले.

गिरणीवाला दारापर्यंत सोबत आला आणि म्हणाला, बाई, तुम्ही आहात की. या वेळी तो रडवेला झाला होता, म्हणून माझा तिळपापड झाला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन पाच वर्षांच्या कागदावर सही केली.

आधी मला तुझा फार राग आला. भरपूर शिव्या दिल्या, मोठ्याने, भिंती ऐकत होत्या. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. वळणावर उभं राहायचास ते मला माहीत होतं रे. आईने मला तुझ्या मागे पाठवलेलं असायचं, मी झाडाआड उभी असायचे. तू पळून जाशील म्हणून नव्हे, तू पडशील म्हणून. तुला भीती वाटते हे तू लिहिलंस, त्याबद्दल मी तुला कधी बोल लावणार नाही.

पण एक गोष्ट मनात ठेवून बसणार नाही. तू आत आल्यावर मी बाहेर जाईन, हे तुला कुणी सांगितलं? मला विचारलंस का? तू खुर्चीत बसला असतास आणि मी आपल्या घरच्या चुलीशी. दुपारी तीनला अंधारलं की तू कुरकुरत आला असतास आणि आपण भांडलो असतो. सामान बांधलं होतं ते तू तिकडे होतास म्हणून; तू इथे असताना मी कुठे जाणार होते? मला खुर्चीतून सुटायचं होतं. गावातून नव्हे, आणि तुझ्यापासून तर नाहीच.

असो. पाच वर्षांनी पुन्हा अर्ज मागवतील. कारकून आत्तापासूनच तुझं कार्ड जपून ठेवायच्या गोष्टी करतो. तुला पुन्हा त्या स्टेशनवरच्या रांगेत उभं करायचं नाही, म्हणून काल मी मतदारयादी मागवली आणि तुझं नाव कमी केलं. आजवर एकाही आईच्या पोराचं काढलं नव्हतं. आता तुला इथून कुणी बोलावू शकत नाही, मीसुद्धा नाही.

नावापुढे कारण लिहावं लागतं. कारकुनाने विचारलं, मी म्हटलं लिही, गाव सोडून गेले. तो म्हणाला, अहो बाई, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. मी म्हटलं, झाली असतील. मला या आठवड्यात कळलं.

गुडघ्याला शेक दे. पत्र पाठवत जा, कार्ड असलं तरी चालेल.

तुझी ताई