कमलशी मोठ्याने

शुक्र., ३ नोव्हें. २००६
सुट्टी. कापडाचे लूम बंद असले की आमची कामतघरची वस्ती ओळखू येत नाही. ओले बोंबील आणले. बाजारातच साफ करून घेतले म्हणून कमल चिडली. म्हटलं, बाई, तू जाऊन दोन वर्षं झाली, आता तरी पिच्छा सोड. म्हणाली, आधी वास घेऊन बघ. घेतला. शिळेच निघाले, बाईचं बरोबर होतं.
तेवढ्यात शेजारच्या नंदावहिनी दारात, हातात चहाचे दोन कप. "काका, पाव्हनं आल्यात ना? आवाज येत व्हता."
मला वाटत होतं मी मनात बोलतोय. सत्तावीस वर्षं लूमच्या खडखडाटात ओरडून बोललो, हळू म्हणजे किती तेच कळत नाही आता. "झोपलेत," म्हटलं. दोन्ही कप मीच संपवले.

मंगळ., ७
वहिनींनी कल्याणला सुनीताच्या कानावर घातलंच. पोरगी फोनवर कडाडली. "बाबा, लोक हसतात. डॉक्टरला दाखवू. नाहीतर इकडेच या राहायला." गप्प राहीन, असं कबूल केलं.

गुरु., ९
दोन दिवस तोंड मिटून. भात करपला.
वेडा नाही मी. कमल नाही, हे मला ठाऊक आहे. पण ड्युटीवरून आल्यावर आत कोणीतरी आहे असं धरून चाललं तरच कुलूप काढवतं. काल अर्धा तास पायरीवर बसलो. फार एकटं वाटलं.

रवि., १२
सुनीता आली. खोली झाडली, माझे कपडे भरायला पिशवी काढली. मग पाठमोरीच म्हणाली, "बाबा, आई... माझ्या लग्नाचं काही म्हणते का?"
पळून जाऊन लग्न केलं म्हणून कमल तिच्याशी शेवटपर्यंत बोलली नाही. दवाखान्यातसुद्धा तोंड फिरवलं.
"विचारतो," म्हटलं. पिशवी रिकामीच घेऊन गेली.

बुध., १५
तीन दिवस विचारतोय. चांगलं मोठ्याने. वहिनींनी ऐकलं तर ऐकू दे.
एरवी मिठावरून तासभर भांडते. यावर मात्र मी म्हणेन तेच म्हणते. माफ केलं म्हण, तर माफ केलं. अशी कमल मी कधी बघितली नाही.
सुनीताचा फोन दोनदा आला. उचलला नाही. उद्या उचलावा लागेल.